शांतीची भरपाई

शास्त्रपाठ : निर्गम २२:१-६, यिर्मया ६:१३-१५, लूक १९:१-१०



आपल्या मराठी भाषेत 'शांतता' आणि 'शांती' असे दोन शब्द आहेत. शांतता म्हणजे आवाज नसणे, गडबड नसणे. गुरुजी वर्गात आले की शांतता होते. संचारबंदी लागली की रस्त्यावर शांतता होते. तिच्या पोटात भीती असू शकते, रागही असू शकतो. शांती निराळी. परंतु आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, आणि एक मिळाले की दुसरेही मिळाले असे समजून चालतो. यिर्मया संदेष्ट्याची तक्रार हीच होती. त्याच्या काळी लहानापासून थोरापर्यंत सारे लोभाला लागले होते, आणि याजक व संदेष्टे लोकांच्या जखमेवर वरवर पट्टी बांधून सर्व ठीक आहे, शांती आहे, असे सांगत होते. आत पू तसाच होता.

जुन्या करारात शांतीसाठी 'शालोम' हा इब्री शब्द आहे. त्याच्या धातूचा अर्थ पुरे असणे, अखंड असणे. परमेश्वराची वेदी ज्या अखंड दगडांची बांधावयाची (अनुवाद २७:६), त्या दगडांचे विशेषण ह्याच धातूपासून झाले आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात दुसऱ्याचे जनावर चोरणाऱ्याने, दुसऱ्याच्या शेतात आपले गुरू चारणाऱ्याने भरपाई करावी, असे पुनःपुन्हा सांगितले आहे. तेथील 'भरून देणे' हे क्रियापदही ह्याच धातूचे आहे. इब्री माणसाच्या कानाला शांती आणि भरपाई हे एकाच घरातले शब्द वाटत.

म्हणून कोणी शांती झाली असे म्हटले की आपण दोन प्रश्न विचारावे. जे तुटले होते ते भरून निघाले काय? आणि भरपाई कोणी केली, ज्याने मोडले त्याने, की ज्याचे मोडले त्याने? हे दोन प्रश्न घेऊन आपण चार ठिकाणी जाऊ.

१. कायद्यातील शांती

कायद्याच्या भाषेत शांतता म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था. जमावबंदीला लोक अजून '१४४ कलम' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा लागू झाला आणि तेच कलम आता १६३ झाले आहे. दोघांची भांडणे वाढली तर दंडाधिकारी त्यांच्याकडून शांतता राखण्याचे हमीपत्र लिहून घेतो. ही शांतता क्षुल्लक मानू नका. दंगल पाहिलेल्या माणसाला तिची किंमत कळते. अधिकारी हा देवाचा सेवक आहे, असे पौल रोमकरांस लिहितो, आणि त्यासाठी आपण उपकार मानतो. तथापि हमीपत्रावर सही करणारे दोघे कचेरीतून निघतात ते एकमेकांकडे न पाहताच. हात आवरण्याचे काम कायदा करतो. मन वळविणे त्याच्या हाती नाही.

२. राजकारणातील शांती

राजकारणात शांती म्हणजे तह. ग्वाल्हेरजवळच्या सालबाई येथे १७८२ साली मराठे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. वीस वर्षे गेली, १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला आणि १८०३ मध्ये पुन्हा युद्ध पेटले. पुष्कळ तह असेच असतात. दोन्ही बाजू दम घेतात, एवढेच.

परंतु काही तह निराळे असतात. मिझोराममध्ये १ मार्च १९६६ रोजी बंड उभे राहिले. त्याच महिन्यात ऐझॉल गावावर विमानांतून मारा झाला. पुढे कित्येक खेड्यांतील लोकांना घरेदारे सोडून सडकेकडेच्या वसाहतींत राहावे लागले. वीस वर्षे असे चालले. तेथील प्रेस्बिटेरियन व बॅप्टिस्ट मंडळ्या दोन्ही बाजूंना शस्त्र सोडून बोला असे विनवीत राहिल्या. शेवटी ३० जून १९८६ रोजी करार झाला. सरकारच्या वतीने सही करणाऱ्यांत गृहसचिव राम प्रधान हे आपले मराठी गृहस्थ होते. पण मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती पुढची गोष्ट. लाल थनहावला हे निवडून आलेले मुख्यमंत्री होते. बंडखोरांचे पुढारी लालडेंगा यांच्यासाठी त्यांनी ती खुर्ची सोडली आणि स्वतः उपमुख्यमंत्री झाले. सगळ्या जखमा भरल्या असे कोणी म्हणणार नाही. तरी तो करार टिकला. ज्याच्या हाती काही होते, त्याने त्यातून दिले.

३. रीतिरिवाजातील शांती

आपले हिंदू शेजारी नव्या घरात राहावयास जाताना वास्तुशांती करतात. मुसलमान शेजाऱ्यांचा 'सलाम' आणि इब्री 'शालोम' ही सख्खी भावंडे आहेत. आपल्यांतील जुनी माणसेही भेटल्यावर सलाम म्हणतात. प्रभुभोजनाच्या उपासनेत आपण शेजारच्याचा हात हातात घेऊन त्याला शांती इच्छितो. ह्या सर्व रीती चांगल्या आहेत. पण हातात हात देताना आपण तिसऱ्या बाकावरच्या एका माणसाला ठरवून टाळतो काय? वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावयास जावे, अशी प्रभूची आज्ञा आहे (मत्तय ५:२३-२४). प्रभूने आपल्या मनातल्या रागाविषयी येथे विचारलेले नाही. भावाच्या मनात काय आहे, हे त्याने विचारले आहे.

४. घरातील शांती

आता आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ. वडील वारतात. दहाबारा महिन्यांनी भाऊ बहिणीला माहेरी बोलावतात. जेवण होते, साडी दिली जाते, आणि मग हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. कोणी आवाज चढवीत नाही. मामा म्हणतात, 'ताई, सही करून टाक, घरात शांतता राहू दे.' ती सही करते. तिला माहेर तुटावयास नको असते. तिची लेक शिकत असते, नवऱ्याची नोकरी सुटलेली असते, हे सर्वांना ठाऊक असते. पुढच्या रविवारी सर्व कुटुंब एकाच बाकावर बसते आणि लोक म्हणतात, किती एकोप्याचे घर!

बंधूंनो, आपल्याला लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा देतो. गोव्याच्या नागरी कायद्यातही मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे. त्याच्याही फार पूर्वी सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे असा निर्णय स्वतः परमेश्वराने दिला (गणना २७). त्या मुलींनी घराची शांती मोडली असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. वाटा हवा की नको हे बहीण मोकळ्या मनाने ठरवील तर ती तिची मर्जी. पण माहेर तुटेल ह्या भीतीने तिने सही केली असेल, तर त्या घरातील शांततेची किंमत एकट्या तिने भरली आहे.

येथे कोणी म्हणेल, 'प्रभूने नाही का सर्व सोडले? मग बहिणीने थोडे सोडले तर काय बिघडले?' ह्याला उत्तर दिले पाहिजे. होय, प्रभूने आपल्या क्रूसावरील रक्ताने शांती केली (कलस्सै १:२०). मोडले आपण, भरपाई त्याने केली. सारी सुवार्ता ह्यात आली. परंतु त्याचा प्राण कोणी त्याच्याकडून हिसकावून घेतला नाही, त्याने तो आपण होऊन दिला (योहान १०:१८). प्रत्येकाने आपला क्रूस उचलावा असे त्याने सांगितले. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवून त्याला तिचा त्याग म्हणण्याची मुभा त्याने कोणाला दिलेली नाही.

जक्कयाकडे पाहा. येशू आधी त्याच्या घरी गेला. कृपा पहिल्याने आली. जक्कयाला कोणी अट घातली नव्हती, कागद लिहून घेतला नव्हता. तरी तो उभा राहिला आणि अर्धी मालमत्ता गरिबांना व लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे बोलला. चोरलेल्या मेंढरासाठी नियमशास्त्राने सांगितलेले मापही चौपटच आहे. तेव्हाच प्रभूने त्या घराला तारण प्राप्त झाल्याचे जाहीर केले. ज्याला क्षमा मिळाली, त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

म्हणून माझी विनंती अशी की, येत्या प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरातील शांततेचा हिशेब एकदा मांडावा. ती कोणाच्या गप्प राहण्यावर उभी आहे? बहिणीच्या? धाकट्या भावाच्या? म्हाताऱ्या आईच्या? मंडळीतही पाहावे. पंचांच्या सभेत कोणी बोलत नाही, म्हणून एकी आहे असे समजू नये. जेथे देणे निघते तेथे उठून जावे, आणि क्षमेच्या शब्दाबरोबर वाटाही न्यावा. कदाचित समोरचे दार उघडणार नाही. आपल्याकडून होईल तितके करावे, एवढेच पौल मागतो (रोम १२:१८).

आणि ज्या बहिणीने गप्प राहून घर सांभाळले आहे, तिला मी एवढेच सांगतो : तुझ्या रडण्याचा हिशेब देवाजवळ आहे. न्याय मागणे हे पाप नव्हे.

आपण प्रार्थना करू. हे प्रभू येशू, तू आमची शांती आहेस. आमच्या घरातील जखमा वरवर बांधू नकोस, मुळापासून बऱ्या कर. जे आमचे नाही ते परत देण्याचे धैर्य आम्हांस दे, आणि ज्यांनी फार सोसले त्यांना तुझ्या अखंड शांतीत राख. आमेन.