बापाच्या नावाची रिकामी जागा
आगमन काळाचा चौथा रविवार – चिंतन



नाताळ दाराशी आला आहे. घरोघरी साफसफाई सुरू आहे, गव्हाणीसाठी गवत गोळा होत आहे. अशा वेळी आजचे शुभवर्तमान (मत्तय १:१८-२४) आपल्याला एका अडचणीत सापडलेल्या माणसाच्या घरी घेऊन जाते. हा माणूस म्हणजे संत योसेफ. ज्या मुलीशी त्यांची सोयरीक झाली आहे ती गरोदर आहे आणि बाळ त्यांचे नाही. गावाला कळले तर काय होईल, हे त्यांना ठाऊक आहे. नाताळची गोष्ट 'या मुलाचा बाप कोण?' या प्रश्नापासून सुरू होते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

याच अध्यायाचा आधीचा भाग १७ डिसेंबरच्या मिस्सात वाचला जातो. ती प्रभू येशूची वंशावळ. नावांची लांबलचक यादी ऐकताना आपले लक्ष उडते. पण संत मत्तय यांनी ती फार विचारपूर्वक लिहिली आहे. अब्राहामापासून पुढे अमक्याला अमका झाला, अमक्याला तमका झाला, असे एकाच चालीत ते सांगत जातात. मध्येच चार स्त्रिया येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी. सारा, रिबेका यांची नावे नाहीत. ज्यांच्याबद्दल लोक कुजबुजत असत त्यांची मात्र आहेत. आणि शेवटी योसेफ यांच्यापाशी आल्यावर ती चाल मोडते. योसेफ यांना येशू झाला, असे मत्तय लिहीत नाहीत. योसेफ हे मरियेचे पती, आणि तिच्यापासून येशू जन्मला, एवढेच लिहितात. खोटे लिहून वंशावळ सरळ करण्याचा मोह त्यांनी टाळला. जे खरे होते तेच लिहिले.

आपल्या नोंदवह्यांतील रिकामी ओळ

धर्मग्रामाच्या कार्यालयात स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या असतात. ही परंपरा जुनी आहे. १५६३ साली त्रेंत येथील धर्मपरिषदेने धर्मगुरूंनी विवाहाची नोंद ठेवलीच पाहिजे असे ठरवले. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथात नोंदवह्यांचे नमुने दिले गेले. आज कोणी लग्नासाठी दाखला मागतो, कोणाला पासपोर्टसाठी हवा असतो, कोणाला आपले पणजोबा कोण होते हे जाणून घ्यायचे असते.

असा शोध घेणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. त्याआधी हा सारा भाग १८८७ साली झालेल्या नागपूर धर्मप्रांतात होता. त्यामुळे फार जुनी नोंद आपल्या कपाटात असेलच असे नाही. तेव्हाचे मिशनचे केंद्र कोणते होते ते पाहावे लागते. तसेच १९०५ पूर्वी आपल्या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत. इंग्रजी कागदांवर ते नाव 'वून' असे आणि यवतमाळचे नाव 'येवतमाळ' असे आढळते. नोंदी लॅटिनमध्ये असत, आणि परदेशी मिशनऱ्यांनी मराठी नावे आपल्या कानाला ऐकू आली तशी लिहिली. एकाच माणसाचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने सापडू शकते.

आणि कधी कधी बापाच्या नावापुढे एकच लॅटिन शब्द असतो: 'इग्नोतुस', म्हणजे अज्ञात. आई-वडील दोघेही अज्ञात असले तर 'इग्नोती'. वऱ्हाडात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले. ज्वारी गेली, कापूस गेला, गुरे गेली. माणसे गाव सोडून चालू लागली आणि वाटेतच पडली. मागे राहिलेली लेकरे वेगवेगळ्या पंथांच्या मिशनऱ्यांनी आपल्या अनाथाश्रमांत नेली. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून अशाच शेकडो मुलींना पुण्याकडे नेले. चार वर्षांच्या पोराला स्वतःचे नाव सांगता येते, बापाला तो 'बा' म्हणतो, गावाला 'गाव' म्हणतो. त्याच्या नोंदीत लिहिणारा तरी काय लिहिणार? तो 'अज्ञात' लिहितो आणि पुढे धर्मपिता-धर्ममातेचे नाव लिहितो.

अशी नोंद सापडली की घरच्यांचा चेहरा उतरतो. आपल्याकडे हे अधिक बोचते, कारण मराठी माणसाच्या नावाच्या मधोमध बापाचे नाव असते. ती जागा रिकामी राहिली की नावच मोडल्यासारखे वाटते. मग काहीजण विचारतात, "फादर, तिथे एखादे नाव लिहून टाकता येणार नाही का? एवढ्या वर्षांनी कोण बघतो?"

तसे लिहिता येत नाही. नोंदवही ही साक्ष आहे आणि खोटी साक्ष देऊ नये ही परमेश्वराची आज्ञा आहे. पण लाजण्याचेही कारण नाही. ती रिकामी ओळ त्या लेकराच्या पापाची नोंद नाही. दुष्काळाची आहे, भुकेची आहे, आणि कोणीतरी त्या लेकराला उचलून घेतले याचीही आहे. ओळीत बापाचे नाव नसेल, पण लेकराचे नाव आहे. देवाच्या घरी त्याला नावाने हाक मारली गेली, हे त्या पानावर शाईने लिहिलेले आहे.

एका शब्दाची जखम

नोंद लिहिणारा हात कठोर असेल तर काय होते, याचे एक उदाहरण दूरच्या वेल्स देशातले आहे. तिथेही पूर्वी आपल्यासारखीच रीत होती. मुलाच्या नावाला 'अप' म्हणजे 'चा मुलगा' असे जोडून बापाचे नाव लावत. वेल्सच्या जुन्या कायद्यात बापाने आपला म्हणून मानलेल्या मुलाला, तो लग्नाबाहेरचा असला तरी, वारसा मिळे. १२८४ साली इंग्रज राजाने तो हक्क काढून घेतला. पुढे १५३८ च्या हुकमाने इंग्लंड-वेल्समधील प्रत्येक चर्चमध्ये नोंदवही ठेवणे सक्तीचे झाले. १८४१ साली डेन्बी गावातील संत हिलरी चर्चच्या वहीत एका बाळाच्या नावापुढे 'अनौरस' या अर्थाचा शब्द लिहिला गेला. बाळाचे नाव जॉन रोलंड्स. त्याचा खरा बाप कोण, याबद्दल चरित्रकारांत अजून वाद आहे. आई त्याला सोडून गेली. तो अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रमात वाढला, अमेरिकेला गेला, दुसऱ्या माणसाचे नाव लावले आणि हेन्री मॉर्टन स्टॅन्ली म्हणून आफ्रिकेतील प्रवासांमुळे जगभर गाजला. काँगोत त्याने ज्या राजासाठी काम केले त्याच्या राजवटीत लोकांचे अतोनात हाल झाले. एवढे नाव झाले तरी आपला जन्म तो जन्मभर लपवत राहिला. खरी हकीकत त्याच्या मृत्यूनंतर, १९०९ साली छापलेल्या आत्मचरित्रात लोकांपुढे आली. चर्चच्या वहीतला एक शब्द एवढा खोल जाऊ शकतो.

आपल्या कॅथोलिक नोंदींतही अशा लेकरांना 'अनौरस' लिहिण्याची रीत होती. १९१७ च्या धर्मनियमांनुसार अशा मुलाला खास परवानगीशिवाय धर्मगुरू होता येत नसे. आई-बापाच्या चुकीचे ओझे मुलाच्या खांद्यावर टाकले जात होते. १९८३ च्या धर्मनियमसंहितेत ही अट राहिली नाही. आता नियम ८७७ असे सांगतो: लग्न न झालेल्या आईचे बाळ असेल तर, तिचे आईपण सर्वांना माहीत असल्यास किंवा तिने स्वतः तशी इच्छा दाखवल्यास, तिचे नाव लिहावे. बापाचे नाव सरकारी कागदाने सिद्ध झाले असेल, किंवा त्याने स्वतः धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांपुढे कबूल केले असेल, तर लिहावे. नाहीतर बाळाचे नाव लिहावे आणि बाकी काही शेरा मारू नये. रिकामी जागा रिकामी ठेवावी.

आजची गोष्ट

ही सगळी शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट असती तर आम्ही ती आज सांगितली नसती. आपल्याच जिल्ह्यातील झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा भागातील कुमारी मातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्यांतल्या कितीतरी मुली कोलाम समाजाच्या आहेत. बाहेरून कामाला, व्यापाराला आलेले पुरुष लग्नाचे वचन देतात आणि मूल होण्याआधी निघून जातात. गावाला तो माणूस माहीत असतो, पण त्याचे नाव कोणी घेत नाही. बोटे मात्र मुलीकडे दाखवली जातात. ते लेकरू शाळेत जाते तेव्हा मास्तर नाव विचारतात आणि मधल्या नावापाशी ते थांबते. जातीच्या दाखल्यासाठी बापाचे कागद मागितले जातात. आपण या बातम्या वाचतो आणि पान उलटतो.

अशा वेळी आजच्या शुभवर्तमानातील संत योसेफ यांच्याकडे पाहू या. मरियेचे बाळ पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने झाले. ती निष्कलंक होती. कोणत्याही दुसऱ्या जन्माशी त्या जन्माची बरोबरी होणार नाही. पण नासरेथच्या लोकांना ते ठाऊक नव्हते. त्यांनी मोठेपणी येशूला मरियेचा मुलगा म्हणून हिणवले (मार्क ६:३). देवदूत योसेफ यांना दोन गोष्टी करायला सांगतो: तिला घरी आण, आणि बाळाचे नाव तू ठेव. यहुदी समाजात नाव ठेवणे म्हणजे सर्वांसमोर मूल आपले म्हणून स्वीकारणे. शुभवर्तमानात योसेफ यांच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्यांनी बाळाला नाव दिले, आणि त्या नावाने येशू दाविदाच्या घराण्याचा झाला.

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी आश्रय उघडला. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या एका विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. त्याला यशवंत म्हटले, बापाचे नाव दिले, डॉक्टर केले आणि मृत्युपत्रात वारस ठरवले. आज त्यांना सगळे डॉक्टर यशवंत फुले म्हणून ओळखतात. फुले दांपत्य ख्रिस्ती नव्हते. तरी संत योसेफ यांच्या वाटेवरून ते चालले. आपण ख्रिस्ती असून किती पावले चाललो?

आपण काय करू शकतो

पहिले, पुरुषांशी. जबाबदारी तुमची असेल तर ती कबूल करा. तामारेच्या गोष्टीत (उत्पत्ती ३८) यहुदाने तिला जाळायला निघण्याचा हुकूम दिला होता. तिने त्याची मुद्रा, दोरा आणि काठी पुढे ठेवली तेव्हा चूक आपली आहे हे त्याने सर्वांसमोर मान्य केले. म्हणूनच त्या लेकरांची नावे वंशावळीत आली. कार्यालयात धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांपुढे कबुली द्यायला आजही उशीर झालेला नाही.

दुसरे, आयांशी. तुमच्या बाळासाठी ख्रिस्तसभेचे दार उघडे आहे. बापाचे नाव नाही म्हणून स्नानसंस्कार नाकारला जात नाही. सरकारी जन्मनोंद २१ दिवसांच्या आत करून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळा आणि इतर कामांना हाच दाखला मुख्य आहे. बापाचे नाव सांगण्याची सक्ती तुमच्यावर होऊ शकत नाही. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती अविवाहित आईच्याच दाव्यात हे स्पष्ट केले आहे. अशा आईकडून फक्त प्रतिज्ञापत्र घेऊन जन्मदाखला द्यावा. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचे नाव लिहिणे बंधनकारक आहे.

तिसरे, आपणा सर्वांशी. एज्राच्या ग्रंथात (२:६२) काही याजकांनी आपली नावे वंशावळीच्या यादीत शोधली, ती सापडली नाहीत, आणि त्यांना सेवेतून दूर केले गेले. येशूच्या घरात तसे होत नाही. आपली नावे स्वर्गात लिहिली आहेत याचा आनंद करा, असे त्याने शिष्यांना सांगितले. मग सोयरीक जुळवताना कोणाच्या आजोबांच्या बापाची चौकशी करणारे आपण कोण? नळावर, वाड्यात, मिस्सा सुटल्यावर अंगणात त्या विषयावर बोलणे बंद करू या. ज्या बाळाला धर्मपिता-धर्ममाता मिळत नाही, त्याच्यासाठी आपल्यापैकी कोणी पुढे येऊ या. हे नुसते विधीपुरते नको; त्याची शाळेची फी, त्याचा पहिला परमप्रसाद, त्याचे लग्न, सगळ्यात आपण उभे राहू या.

आपल्या वाडवडिलांचा शोध जरूर घ्या, कार्यालय मदत करील. जे सापडेल ते खरे म्हणून स्वीकारा. आणि एखाद्या ओळीवर 'इग्नोतुस' दिसले तर त्या अनोळखी बापासाठी आणि त्या आईसाठी एक 'नमो मरिया' म्हणा. ज्यांना आई-बापाने सोडले त्यांना परमेश्वर जवळ घेतो, असे स्तोत्रकर्त्याने गायिले आहे (स्तोत्र २७). आपले सगळ्यांचे मधले नाव शेवटी त्याचेच आहे.

प्रार्थना करू या: हे संत योसेफ, तुम्ही देवपुत्राला नाव दिले आणि घर दिले. ज्यांना नाव विचारताच मान खाली घालावी लागते, अशा आमच्या गावांतील लेकरांसाठी विनंती करा. या नाताळात त्यांच्यासाठी आमच्या घराचे दार उघडण्याचे धैर्य आम्हाला मिळो. आमेन.