तात्पर्य

आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीला एकच विषय असे : आंबा. त्यात कुणी नापास होत नसे. हल्ली सुट्टीलाही अभ्यासक्रम असतो. माझी नात गेल्या मे महिन्यात आईबापांबरोबर कर्जतला गाडी बदलून खोपोलीला उतरली, तेव्हा तिच्या एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात छापील कागद होता. कागदावर शाळेचं फर्मान : सुट्टीत तीन पुस्तकं वाचावीत आणि प्रत्येकाची 'मध्यवर्ती कल्पना' चाळीस शब्दांत लिहावी.

"आजोबा, मध्यवर्ती कल्पना म्हणजे काय हो?"

उभा जन्म कारखान्यात पाइप मोजण्यात घालवलेला मी. पण आजोबा झाल्यावर 'ठाऊक नाही' म्हणायची सोय राहत नाही. मी खाकरून म्हणालो, "अगं, आमच्या वेळचं ते तात्पर्य. त्याला बढती मिळाली की त्याची मध्यवर्ती कल्पना होते."

पहिलं पुस्तक भा. रा. भागवतांचं, फास्टर फेणेचं. फुरसुंगीच्या त्या काडीपैलवानाने पोरीला अशी काही सायकलवर बसवली, की जेवायला दहा हाका माराव्या लागल्या. सौ. म्हणाली, "पुस्तकावर आंब्याचा रस पडतोय." मी म्हटलं, पडू दे, पुस्तक वाचल्याची तेवढीच एक खूण. पुस्तक संपल्यावर मी परीक्षकाच्या आवाजात विचारलं, "मध्यवर्ती कल्पना?"

"सायकल."

"सायकल काय? लिही, शौर्य आणि प्रसंगावधान."

तिने बोटं मोजली. "तीनच शब्द झाले. अजून सदतीस?"

ते सदतीस शब्द मी पुरवले. 'अत्यंत', 'सदैव' आणि 'खरोखरच' हे शब्द अशा वेळी भाताला पाणी घालावं तसे कामी येतात. दुसरं पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. दुष्काळाने वाडी ओस पडली, हे वाचून ती संध्याकाळभर गप्प होती. मी तिथेही 'ग्रामीण जीवन' असं लिहायला सांगून मोकळा झालो.

तिसरं, 'श्यामची आई'. कादंबरी म्हणा, आठवणी म्हणा. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलं. तुरुंगातून बाहेर पडलेलं ते पुस्तक आमच्यासारख्यांनी गेली नव्वद वर्षं पुन्हा एका शब्दात कोंडून ठेवलंय : मातृप्रेम. तोच शब्द मी तयार ठेवला होता.

पण पोरगी श्यामच्या पोहण्यापाशी अडली. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीकडे धाडते.

"आजोबा, भीती वाटते म्हणून मारायचं, हे बरोबर आहे का?"

"लिही, मातृप्रेम."

"मी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय!"

पलीकडे तिचा बाप वर्तमानपत्र वाचत होता. वर्तमानपत्र न हलवता तो म्हणाला, "बाबा, मला अजून पोहता येत नाही."

वाचकहो, एवढ्या एका वाक्याने माझा सगळा चहा गार झाला. तो नऊ वर्षांचा असताना मी त्याला पाताळगंगेवर नेलं होतं. तो पाण्यात उतरेना. मी दोन ठेवून दिल्या आणि घरी येऊन सौ.ला वर ऐकवलं, "श्यामच्या आईने काय केलं होतं?" आता चष्मा लावून तेच प्रकरण पुन्हा वाचलं. पुढे त्याच आईला पोराच्या अंगावरचे वळ बघून भरून येतं. ते मी वाचलं नव्हतं असं नाही. माझ्या तात्पर्यात ते बसलं नव्हतं. 'प्रेम असलं की मार चालतो' एवढंच मी खिशात घालून आणलं होतं, आणि वळ पुस्तकातच राहिले होते.

मार्क ट्वेनने 'हकलबेरी फिन'च्या आरंभीच तात्पर्य शोधणाऱ्याला हद्दपारीची धमकी दिली आहे. मला ती लागू पडते. पण मला हद्दपार करून पाठवणार कुठे? आम्ही आधीच शेवटच्या स्टेशनावर राहतो.

संध्याकाळी नातीला घेऊन टाटांच्या वीजघराच्या बाजूला फिरायला गेलो. घाटावरच्या तळ्यांचं पाणी डोंगरावरून नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येतं आणि चक्रं फिरवतं. १९१५ सालापासून हे चाललंय. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालत. आता मास्तरांची बाजूही खोटी नाही : वर्गात चाळीस पोरं, चाळीस वह्या, पुस्तकातून काय निघालं ते मोजायला काहीतरी माप हवंच. वीज मोजता येते. पण वीज काढून घेतली म्हणून पाणी संपत नाही. ते पाताळगंगेत उतरतं आणि पुढे वाहत राहतं. चाळीस शब्द काढून झाल्यावर पुस्तकाचंही तसंच होतं. घोटाळा होतो तो विजेचं बिल हातात धरून 'मी नदी पाहिली' म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांचा.

हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, हे चाळीस शब्दांच्या वर गेलं."

परत येताना मी मुलाला म्हटलं, "तेव्हा माझं चुकलं रे." तो म्हणाला, "उद्या आमरस करायला सांगा." आमच्या घरात क्षमा ही अशी स्वयंपाकघरातून येते.

नातीने तिसऱ्या पुस्तकाखाली लिहिलं : आई चांगली होती, मारणं मला पटलं नाही, आणि दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

जूनमध्ये वही तपासून आली. माझ्या 'शौर्य आणि प्रसंगावधान'पुढे 'उत्तम' असा शेरा होता. तिच्या उत्तरापुढे लाल शाईत नुसतं एक भलंमोठं प्रश्नचिन्ह. मला वाईट वाटलं. पण फोनवर ती खुशीत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "बाईंनाही तोच प्रश्न पडलाय!"