प्रारब्ध कुणाचं म्हणायचं?

"महाराज, हिनं मागल्या जन्मी काय केलं असंल?" सप्ताहाच्या मांडवात पंगती उठल्यावर एका आजीबाईंनी मला विचारलं. सुनेच्या कडेवर अडीच वर्षांची नात होती. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. प्रश्न नातीबद्दल होता, पण लागला सुनेला. तिनं मान खाली घातली. मी वारकरी कीर्तनकार, प्रारब्धावर तास-तास बोलणारा माणूस, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. गावोगाव येतात. त्यामुळे मला काय वाटतं ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

कर्मसिद्धान्त मी मानतो. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. साठलेलं, भोगायला आलेलं आणि आत्ता हातून घडत असलेलं. यातलं प्रारब्ध भोगूनच संपतं असं शास्त्र सांगतं. पण हे कुणी कुणाला सांगायचं, यावर कीर्तनांत फारसं कुणी बोलत नाही. माझा पाय मोडला आणि मी म्हणालो, "असेल माझं प्रारब्ध", तर त्या म्हणण्यात धीर आहे. शेजाऱ्याचा पाय मोडला आणि मी ओट्यावर बसून तेच म्हणालो, तर तो निव्वळ माझा आळस आहे. दुसऱ्याच्या दुःखासमोर मला एकाच कर्माबद्दल बोलायचा अधिकार आहे, माझ्या क्रियमाणाबद्दल. हे मूल माझ्यासमोर आलं, आता मी काय करणार? त्या मुलीच्या मागल्या जन्माचा हिशेब मला ठाऊक नाही, ठाऊक असण्याचं कारणही नाही.

आपल्या परंपरेनं या बाबतीत फार कठोरपणा केला आहे, तोही सांगितला पाहिजे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरा आणि मुका यांना वडिलोपार्जित मालमत्तेचा वाटा नाकारला आहे. पुढच्याच श्लोकात त्यांना अन्नवस्त्र देण्याची सक्ती आहे, पण वाटा नाही तो नाहीच. हे नुसतं पोथीत राहिलं नव्हतं, इंग्रजांच्या कोर्टातही चालत होतं. १९२८ साली कायदा करून बहिऱ्या-मुक्यांचा वारसाहक्क बहुतेक ठिकाणी मोकळा झाला आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आजार किंवा व्यंग या कारणावरून कुणालाही वारसा नाकारता येणार नाही असं ठरवलं. कायदा बदलला, पण आजीबाईंच्या प्रश्नात जुना श्लोक अजून जिवंत आहे.

त्या मुलीकडे परत येतो. घरच्यांचं म्हणणं, हिला ऐकू येतं. मागे ताट वाजवलं की बघते, पखवाज लागला की हसते. मी पखवाजवाल्याला बोलावलं. पखवाजाच्या धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, ओली कणीक अजून होती. पोरीनं कणकेच्या कडेला तळवा टेकवला, थाप पडली आणि ती खुदकन हसली. मग पखवाज तिच्या पाठीमागे, सतरंजीपासून दूर, वर उचलून धरून वाजवला. ती कणकेचं बोट चाटत बसली होती. एकदाही वळली नाही. तिला जमिनीतून थरथर कळत होती, ताट वाजवणाऱ्याची सावली दिसत होती, वारा लागत होता. ऐकू न येणारी मुलं डोळ्यांनी आणि कातडीनं इतकं टिपतात की घरची माणसं वर्षानुवर्षं फसतात. माझा प्रयोगही काही तपासणी नव्हे. तो फक्त आजीबाईंसाठी होता.

खरी तपासणी वेगळी. एकीला ओएई म्हणतात. कानात बारीक नळी ठेवून आवाज सोडतात आणि आतल्या शंखाकृती भागातून उलट येणारा अतिशय क्षीण आवाज टिपतात. निरोगी कान नुसता आवाज घेत नाही, स्वतःही आवाज करतो, हे डेव्हिड केम्प या इंग्रज शास्त्रज्ञानं १९७८ मध्ये दाखवलं. मला हे कळलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही. दुसरी तपासणी बेरा. मूल झोपलेलं असताना कपाळाला आणि कानामागे तारा लावून, आवाज मेंदूच्या वाटेवर कुठवर पोचतो ते बघतात. दोन्हींमध्ये मुलानं काही सांगावं लागत नाही, त्यामुळे चार दिवसांच्या बाळाचीही करता येते. जाणकारांचा दंडक असा आहे: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचाराला सुरुवात. भाषा मेंदूत रुजण्याचे दिवस पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत भराभर निघून जातात. "बापही उशिराच बोलला होता", वेखंड उगाळून जिभेवर, पोपटानं उष्टावलेला पेरू, मग नवस, यात ते दिवस जातात. नवसावर तुकोबांनी काय कोरडे ओढलेत ते आपल्याला पाठ आहे. तरी मी नवस बोलणाऱ्या आईला रागावत नाही. मी एवढंच म्हणतो, नवस बोल बाई, पण सोमवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात जा.

कुठे काय मिळतं ते सांगणं मी कीर्तनाचाच भाग समजतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना मूल दाखवायचं. ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून वाचा आणि श्रवण हेच तिचं काम. श्रवणयंत्र सरकारच्या एडिप योजनेतून मिळू शकतं आणि जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला, वय पाच वर्षांच्या आत असेल तर, कॉक्लिअर इम्प्लांटसाठीही त्याच योजनेतून मदत होते. पाच वर्षं ही अट आधी सांगावी लागते, कारण लोक सहाव्या वर्षी येतात. आणखी एक. यंत्र विकणारा प्रत्येक जण तज्ज्ञ नसतो. ऑडिओलॉजिस्ट किंवा स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, त्याला नंबर असतो. तो विचारायला लाजू नये. यंत्र कानात बसलं म्हणजे मूल उद्या बोलेल असंही नाही. ऐकायला शिकावं लागतं, त्यासाठी थेरपी, आणि थेरपीहून जास्त घरातलं बोलणं. पीठ मळताना, भांडी घासताना, समोर बसून, तोंड दिसेल असं.

इथे कुणी विचारतं, महाराज, एवढी धावपळ म्हणजे देवावर अविश्वास नाही का? याचं उत्तर मला एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं दिलं, तेही बोलता न येणाऱ्यानं. त्यांना लकवा झाला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. सगळं कळायचं, पण पाणी मागता येईना, बायकोला हाक मारता येईना. ओठ हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. एका संध्याकाळी घरात हरिपाठ सुरू झाला आणि ते चालीत, शब्द न गाळता, सगळ्यांबरोबर म्हणू लागले. गावात पेढे वाटले गेले. विठ्ठलानं वाचा दिली म्हणून थेरपी बंद करायची असं घरात ठरलं. हरिपाठ संपला आणि त्यांना पुन्हा पाणी मागता येईना.

थेरपिस्ट बाईंनी समजावून सांगितलं. बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला पुढे असते, हे पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं १८६० च्या दशकातच दाखवलं. तिथे इजा झाली की शब्द जुळवणं जातं. पण गाणं, पाठांतर, आकडे मोजणं, रागात निघणारी शिवीसुद्धा अनेकदा शाबूत राहते. या गाण्याच्याच आधारानं बोलणं परत आणण्याची एक पद्धत १९७३ च्या सुमारास बोस्टनमध्ये तयार झाली. बाईंनी तेच केलं. म्हाताऱ्याच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर एकेका अक्षराला आपटायची आणि हरिपाठाच्या चालीत "पाणी दे" म्हणायचं. आधी बाई म्हणायच्या, मग दोघं, मग ते एकटे. चाल हळूहळू कमी करत न्यायची. कित्येक महिने लागले. आता ते पाणी मागतात, बायकोला नावानं हाक मारतात, अडखळत का होईना.

यात नामाचा महिमा कमी झाला असं मला वाटत नाही. पन्नास वर्षं रोज त्या वाटेनं गेल्यामुळे ती पायवाट इतकी खोल पडली होती की बाकी रस्ते बुजले तरी ती उरली. पण वाट उरली म्हणून माणूस घरी पोचत नाही, कुणीतरी हात धरून न्यावं लागतं. बाईंनी तो हात धरला. देवाची कृपा बाईंच्या हातून आली असं म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही, आणि पेढे वाटून बाईंना घरी बसवणं ही मला देवाशी केलेली प्रतारणा वाटते.

सगळ्यांना वाचा परत येते असं नाही. सगळ्यांना यंत्राचा उपयोगही होत नाही. मग नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आणि कीर्तन दुसरं, तर ज्याला कानच नाही त्यानं काय करायचं? त्याला खालच्या पायरीवर बसवायचं का? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. चांगदेवांनी ज्ञानोबांना कोरा कागद पाठवला आणि त्याला पासष्ट ओव्यांचं उत्तर गेलं, ही कथा आपण दरवर्षी सांगतो. कोऱ्या पत्राला उत्तर देणाऱ्या संप्रदायाला हातांची भाषा कळू नये, हे मला पटत नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, तिचा शब्दकोश दिल्लीच्या सरकारी संस्थेनं केला आहे. हाताची भाषा शिकवली की मूल तोंडानं बोलायचं राहील, ही भीतीही निराधार आहे. लहानपणी कुठली तरी एक भाषा पुरती मिळाली पाहिजे, हा मूळ मुद्दा. आमच्या दिंडीत एक ऐकू न येणारा तरुण चालतो. माझं कीर्तन चालू असताना तो शेजारच्या आपल्यासारख्याच मित्राला हातांनी सगळं सांगत असतो. मला विचाराल तर त्या रात्री त्या मांडवात दोन कीर्तनं होतात.

त्याच्यासाठी मी काही गोष्टी बदलल्या. माइक तोंडासमोरून बाजूला घेतला, कारण तो ओठ वाचतो. उजेड पाठीमागून नको, तोंडावर हवा, असं मांडववाल्याला आधी सांगतो. आणि साऊंडचे बॉक्स लहान मुलांच्या पंगतीपासून लांब ठेवायला लावतो. श्रवणभक्तीच्या मांडवातच पोरांचे कान निकामी करण्याचा आपल्याला काय अधिकार? सप्ताह कमिट्यांना माझी विनंती आहे: सात दिवसांतली एक दुपार गावच्या आशाताईंना आणि अंगणवाडीच्या बाईंना द्या. मांडव उभा असतोच, आया आलेल्याच असतात. हाक मारल्यावर न वळणारी, दोन वर्षांची होऊनही दोन शब्द जोडून न बोलणारी मुलं तिथे त्या सहज वेगळ्या काढू शकतील आणि पथक कधी येणार तेही सांगतील. आजीबाईंच्या नातीचं नाव अशाच एका दुपारी वहीत लिहिलं गेलं. तिची बेरा झाली, यंत्र मिळालं, थेरपी चालू आहे. परवा तिची आई सांगत होती की पोरगी यंत्र सारखं काढून टाकते, आणि यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्याच्या मापासाठी आता पुन्हा जावं लागणार, कारण कान वाढलाय.