कामाचा पोशाख व लोकांची नजर

अक्कलकोट तालुक्यांतील मैंदर्गीची एखादी शिक्षिका शाळेंत नेसावयाची साडी घेण्यासाठीं सोलापूरच्या बाजारांत जाते, तेव्हां कापडाचा टिकाऊपणा, धुण्याची सोय व किंमत यांच्याही आधीं तिच्या मनांत प्रश्न उभा राहतो तो हा, कीं लोक काय म्हणतील? १५ मार्च २०२४ रोजीं महाराष्ट्र शासनानें शिक्षकांच्या पोशाखाविषयीं सूचना काढल्या. स्त्रियांनीं साडी, अथवा सलवार किंवा चुडीदार, कुडता व ओढणी, आणि पुरुषांनीं सदरा व विजार वापरावी, असें त्यांत सांगितलें. नियम दोघांसही लागू झाला. परंतु त्याचें ओझें दोघांवर सारखें पडतें काय? पुरुषाचा सदरा स्वच्छ असला म्हणजे झालें. स्त्रीची साडी साधी असली तर ती कळाहीन, उंची असली तर दिमाखाची ठरते. नीटनेटकेपणा हें विद्यार्थ्यांविषयींच्या आदराचें चिन्ह आहे, हें आम्हांस मान्य आहे. मात्र ज्या पोशाखांत दिवसभर उभें राहून फळ्यावर लिहितां येतें, मुलांमागें धांवतां येतें, तोच खरा कामाचा पोशाख होय. शिक्षिकेनें मर्यादा पाळावी हें ठीकच. पण पाहणाऱ्याच्या नजरेसही मर्यादा असावी, हें कोणत्या नियमांत लिहावयाचें?