फाटक नसलेले स्टेशन

घराचे दार उघडे दिसले म्हणून कुणी आत शिरून भांडी उचलून नेली, तर आपण त्याला चोर म्हणतो. ‘घरात कुणी नव्हते’ ही सबब आपण ऐकून घेत नाही. मग स्टेशनचे दार उघडे असेल तर?

२०१६ च्या उन्हाळ्यात जर्मन भाषा शिकण्यासाठी आम्ही दोन महिने बर्लिनला होतो. रोज सकाळी हर्मानप्लाट्झ ते अलेक्झांडरप्लाट्झ असा भुयारी रेल्वेने प्रवास. १९०२ सालापासून ही रेल्वे धावते. तिथे तिला ‘ऊ-बान’ म्हणतात. पहिल्याच दिवशी नवल वाटले, ते स्टेशनात फाटक नाही याचे. जिना उतरायचा, यंत्रातून तिकीट काढायचे, फलाटावरच्या छोट्या पेटीत ते घालून वेळेचा शिक्का मारून घ्यायचा आणि गाडीत बसायचे. शिक्का नसेल तर ते तिकीट चालत नाही. पण शिक्का मारला की नाही हे पाहायला फलाटावर कुणी नसते. साध्या कपड्यांतले तपासनीस अधूनमधून डब्यात चढतात, तेवढेच.

याच मार्गावर एके काळी फार कडक पहारा होता. १९६१ ते १९८९ या काळात बर्लिन शहर भिंतीने दुभंगलेले होते. या मार्गाची दोन्ही टोके पश्चिम बर्लिनमध्ये, तर मधली सहा स्टेशने पूर्व बर्लिनमध्ये होती. ती सहाही बंद होती. अंधूक फलाटांवर सशस्त्र शिपाई उभे असत आणि गाड्या न थांबता पुढे जात. अलेक्झांडरप्लाट्झ त्यांतलेच एक. जिथे बंदुकीचा पहारा होता, तिथे आज प्रवाशाच्या शब्दावर विश्वास आहे.

आमच्या वर्गातल्या काही जणांनी त्या विश्वासाचा हिशेब मांडला होता. दंड ६० युरो. महिन्यातून एकदा सापडलो तरी पासापेक्षा स्वस्त! दुसरी युक्ती त्याहून सोपी : तिकीट खिशात ठेवायचे, शिक्का मारायचाच नाही. एकच तिकीट आठवडाभर पुरते. आम्ही ऐकून हसलो. पुढे एके दिवशी उशीर झाला म्हणून शिक्का राहिला. दुसऱ्या दिवशी उशीर झाला नव्हता, तरी राहिला.

तिसऱ्या दिवशी तपासनीस चढले. आमच्या समोर फाटक्या बुटांचा एक माणूस बसला होता. पायाशी रिकाम्या बाटल्यांची पिशवी. तिथे बाटल्या दुकानात परत केल्या की थोडे पैसे मिळतात. त्याच्याकडे तिकीट नव्हते. ‘ही काही तुमची पहिली वेळ नाही,’ तपासनीस म्हणाला. रस्त्यावर ऐकलेले ते पहिले जर्मन वाक्य, जे आम्हाला पूर्ण समजले. पुढच्या स्टेशनवर ते त्याला घेऊन उतरले. आमच्यापर्यंत ते आलेच नाहीत.

त्या दिवशी वर्गात आम्ही त्याविषयी विचारले. बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला, ‘श्वार्झफाहरर’, म्हणजे शब्दशः ‘काळा प्रवासी’. विनातिकीट प्रवास हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. न्यायालयाने केलेला दंड भरता आला नाही, तर त्याबदली तुरुंगात जावे लागते. साहजिकच तुरुंगात जातो तो गरीब. २०२१ साली ‘फ्रायहाइट्सफोंड्स’ नावाचा एक उपक्रम सुरू झाला. देणग्या जमवून असे दंड भरायचे आणि माणसे सोडवायची, हे त्याचे काम. आजवर हजाराहून अधिक लोक त्यामुळे बाहेर आले आहेत.

डब्यात त्या सकाळी काळे प्रवासी दोन होते. त्या माणसाचे वागणे बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच्याकडे पैसे नव्हते. आमच्या खिशात तिकीटसुद्धा होते! त्याला ओझे झेपले नाही. आम्ही ते मुद्दाम दुसऱ्याच्या खांद्यावर टाकले. तरी शिक्षा त्याला झाली आणि आम्ही वेळेवर वर्गात पोहोचलो. असा विश्वास ज्यांना पाळणे परवडते तेच मोडू लागले, तर उद्या तिथे फाटक बसेल. आणि फाटकाबाहेर उभे राहावे लागेल ते त्या माणसाला, आम्हाला नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बुडवलेल्या पाच फेऱ्यांच्या पाच तिकिटांवर शिक्के मारले, मग त्या दिवसाच्या सहाव्यावर. शेजारच्या आजी आमच्याकडे पाहतच राहिल्या. रेल्वेचे देणे फिटले. त्या माणसाचे मात्र अजून आमच्याकडे आहे असे वाटते, आणि ते कुठल्या पेटीत भरायचे हे आम्हाला ठाऊक नाही.

वसई-विरारच्या फलाटांवरही फाटक नाही. टीसी रोज दिसतोच असे नाही. पास संपलेला असतो, ‘आजच्या दिवस चालेल’ असे आपण मनाशी म्हणतो. लोकलमध्ये कुणी पकडला गेला की मान वळवून आपण खिडकीबाहेर पाहतो. अशा वेळी आधी स्वतःच्या खिशात हात घालून पाहावा. आपल्या तिकिटावर शिक्का आहे ना?