थेंबातलं विश्वरूप

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय 11, श्लोक 4 ते 8



विश्वरूप म्हटलं की आपल्याला कॅलेंडरवरचं चित्र आठवतं. हजार हात, असंख्य मुखं. या सुट्टीत मालवणला आजीकडे गेले आणि हाच अध्याय वेगळा कळला.

धामापूरचा तलाव 1530 सालचा, काठावर भगवतीचं देऊळ. तिथल्या पाण्यातलं चिमूटभर शेवाळ मी बाटलीत घेतलं. सोबत फोल्डस्कोप होता. कागदाच्या घडीचा सूक्ष्मदर्शक, 140 पट मोठं दाखवणारा. चुंबकाने तो मोबाईलच्या कॅमेऱ्याला चिकटतो. आजीच्या खळ्यात बसून थेंब काचेवर ठेवला आणि बघतच राहिले. बोटाला बुळबुळीत लागणारा तो धागा म्हणजे पारदर्शक नळ्यांची माळ होती, आणि प्रत्येक नळीत एक हिरवी फीत स्प्रिंगसारखी वळत गेलेली. स्पायरोगायरा! शाळेत याची आकृती काढून मार्क मिळवले होते, पाहिलं मात्र आज.

खरं सांगते, हात जोडले नाहीत. फोटो काढत सुटले. स्टेटससाठी कॅप्शनही तयार होती, ‘देव कणाकणात’. चाळीसेक फोटो, सगळे हललेले. मग उजेड वाढवायला उन्हात सरकले. तेवढ्यात थेंब आटला. फीत आक्रसली, नळ्या चिंबल्या. ज्याला देव म्हणणार होते, ते मीच सुकवलं.

आजी जवळ आली. “चेडवा, काय गो दिसता?” दुसरा थेंब ठेवून तिला दाखवला. मोतीबिंदूमुळे तिला काहीच दिसेना. तरी तिने हात जोडले. म्हणाली, “माका दिसणा नाय. तुका दिसला मां? मगे झाला.”

रात्री चौथा श्लोक पुन्हा वाचला. अर्जुन ‘दाखव’ असा हट्ट धरत नाही. मला ते पाहणं शक्य आहे असं तुला वाटत असेल तर दाखव, असं तो विचारतो. आणि आठव्या श्लोकात भगवंत त्याला दिव्य दृष्टी देतात, कारण स्वतःच्या डोळ्यांनी त्याला ते दिसणार नव्हतं. म्हणजे दृष्टी ही कमाई नाही, ती देणगी आहे. माझ्याकडे भिंग होतं, पण विचारणं नव्हतं. आजीकडे डोळे नव्हते, पण नमस्कार होता.

अजून एक गोष्ट. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा वाटा समुद्रातल्या अशाच सूक्ष्म जिवांचा आहे. दिसत नाहीत, पण आपला श्वास त्यांच्यावरही चालतो. विश्वरूप फक्त आभाळाएवढं नसतं, ते थेंबाएवढंही असतं.

फोटो काढू नका असं मी म्हणत नाही. दुसऱ्या थेंबाचा एक फोटो मीही काढला, पण आधी त्याला सावलीत ठेवलं, कडेने पाणी सोडलं, आणि पाच मिनिटं नुसतं पाहिलं.

आजचा संकल्प : जे सुंदर दिसेल त्याला आधी नमस्कार, मग कॅमेरा.

राम कृष्ण हरी!