खेळाडूची हांक

एका क्षेत्रांत मिळविलेली कीर्ति दुसऱ्या क्षेत्रांत खर्च करण्याचा अधिकार मनुष्यास कितपत आहे, हा प्रश्न एडगर मॉब्स याच्या चरित्रावरून आमच्या मनांत उभा राहतो.

मॉब्स हा इंग्लंडांतील नॉर्दॅम्प्टन येथील रग्बीपटु. लांबट चेंडू उराशीं धरून प्रतिपक्षाची फळी फोडण्याच्या त्या दांडग्या खेळांत 1909 व 1910 सालीं तो इंग्लंडतर्फे सात सामने खेळला, व अखेरच्या सामन्यांत, पॅरिस येथें, राष्ट्रीय संघाचा नायकहि झाला. 1914 सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां तो बत्तीस वर्षांचा होता. वय अधिक म्हणून अधिकारपद नाकारलें गेलें, तेव्हां तो साधा शिपाई म्हणून भरती झाला. आणि त्यानें हांक घालतांच सुमारें 250 माणसें त्याच्यामागें पलटणींत शिरलीं. पुढें त्याच पलटणीचें आधिपत्य त्याजकडे आलें. 31 जुलै 1917 रोजीं, बेल्जियममधील ईप्रच्या तिसऱ्या लढाईच्या पहिल्याच दिवशीं, मशीनगनीच्या मोर्च्यावर चाल करून जातांना तो पडला. प्रेत सांपडलें नाहीं. मेनिन दरवाजावर नांव मात्र कोरलेलें आहे.

घरीं बसून दुसऱ्यांस रणांत धाडणारे पुष्कळ असतात. मॉब्स त्यांतला नव्हे, आणि म्हणूनच तो आम्हांस वंद्य वाटतो. परंतु त्याच्या मरणानें त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध होतो. त्याच्या हांकेची योग्यता सिद्ध होत नाहीं. तें युद्ध न्याय्य होतें कीं नव्हतें, याविषयीं उत्तम रग्बी खेळणाऱ्यास इतरांहून अधिक काय ठाऊक असणार? तरुण आले ते युद्धाचा विचार करून जितके, तितकेच नायकावरील विश्वासानें आले असावेत. मैदानावर असा विश्वास टाकणें सोपें असतें, कारण तेथें पडलेला गडी बहुधा पुन्हां उठतो.

यावर कोणी म्हणेल, असा विश्वास नसेल तर कोणतेंच सार्वजनिक कार्य उभें राहणार नाहीं. तें आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जो आपल्या नांवावर माणसें गोळा करतो, त्यानें आपण पुढें चालण्याची तयारी ठेवावी, हें पुरेसें नाहीं. आपण कोठें चाललों आहोंत, याचाहि विचार त्यांच्या वतीनें त्यानें केला पाहिजे.

1921 पासून मॉब्सच्या स्मरणार्थ रग्बीचा सामना भरूं लागला. त्याची स्मृति खेळानें जपावी, हें आम्हांस सर्वथा उचित वाटतें.